जवाच्या शेतातली छावणी

परदेशातून परत आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो, "काय काय पाहिलंत?" मी 2024 च्या जूनअखेर स्कॉटलंडला जाऊन आलो. आल्यावर वाड्यातल्या मंडळींनी, कॉलेजातल्या सहकाऱ्यांनी आणि सासुरवाडीने हाच प्रश्न विचारला. मी खरे तेच उत्तर दिले. "एक शेत पाहिलं. जवाचं."

"आणखी?"

"आणखी काही नाही. म्हणजे पाहिलं पुष्कळ, पण गेलो होतो ते शेत पाहायला."

यावर आमच्या सौभाग्यवतींनी जे म्हटले ते इथे देत नाही. विमानाच्या तिकिटाला किती पैसे पडले हे तिला ठाऊक आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. बखर-वाङ्मय हा माझा वर्षानुवर्षांचा विषय. दर वर्षी वर्गात एक तरी मुलगा उठून विचारतो, "सर, भाऊसाहेब रणांगणावर असं बोलले, ते बखरकाराला कसं कळलं?" मुलगा हुशार आहे असे मी त्या क्षणी समजतो आणि ठरलेले उत्तर देतो : बखर हा इतिहासाचा कच्चा माल आहे, इतिहास नव्हे, दुसरा पुरावा मिळेपर्यंत तिच्यावर अर्धाच विश्वास ठेवावा. हे उत्तर देता देता केस पांढरे झाले.

टॅसिटस माझ्या हाती आला तो या धंद्यातूनच. हा रोमन इतिहासकार. इसवी सन 98 च्या सुमारास त्याने आपल्या सासऱ्याचे छोटेखानी चरित्र लिहिले. सासरा अग्रिकोला हा ब्रिटनचा रोमन सुभेदार. सात मोहिमा करून तो उत्तरेत पार स्कॉटलंडपर्यंत घुसला आणि इसवी सन 83 किंवा 84 मध्ये तिथल्या टोळ्यांचा त्याने एका डोंगराच्या उतारावर पराभव केला. डोंगराचे नाव मॉन्स ग्रॉपियस. टॅसिटस लिहितो की शत्रूचे तीस हजारांवर लोक जमले होते, पैकी दहा हजार पडले. रोमनांचे पडले अवघे 360. लढाईआधी टोळ्यांचा पुढारी कॅल्गॅकस आपल्या लोकांपुढे रोमनांच्या लोभाचे वाभाडे काढणारे असे जळजळीत भाषण करतो की ते वाचताना वाटते, रोमला याहून कठोर कुणी बोललेच नसेल. ते भाषण लिहिले कुणी? रोमन सुभेदाराच्या जावयाने! तो स्वतः तिथे होता असे कुठे म्हणत नाही, आणि असता तरी त्या डोंगराळ लोकांची भाषा त्याला कुठून कळणार? ही तर आमचीच बखर. सासऱ्याचे गुणगान, आकड्यांची चंगळ, शत्रूच्या तोंडी भाषण. फक्त मोडी तेवढी नाही.

एक गोष्ट मात्र जावईबापूंनी सांगितली नाही. हा डोंगर कुठे आहे?

तेव्हापासून लोक तो शोधताहेत. पंधराव्या शतकात ग्रंथ छापताना ग्रॉपियसचे चुकून ग्रॅम्पियस झाले आणि त्या चुकीवरून स्कॉटलंडमधल्या एका अख्ख्या पर्वतरांगेला ग्रॅम्पियन हे नाव पडले. छापखान्यातल्या चुकीने पुस्तक बिघडते हे आपण अनुभवतो. पर्वताचे बारसे झालेले मी दुसरीकडे कुठे ऐकले नाही. पर्थजवळ, स्टोनहेवनजवळ, आणखी उत्तरेस, अशा पाच-सात डोंगरांवर विद्वानांनी आपापले झेंडे रोवले आहेत. त्यातला एक डोंगर माझ्या धाकट्या भावाच्या घरापासून मोटारीने तासाच्या आत आहे, हे मला कळले आणि मी रजेचा अर्ज लिहिला.

भाऊ ॲबर्डीनला असतो. समुद्रातल्या तेलविहिरींच्या कामावर इंजिनियर आहे. दोन आठवडे समुद्रात, मग घरी, असे त्याचे आयुष्य. गाव सगळे करड्या ग्रॅनाइटचे. पाऊस पडून गेला आणि उन्हाची तिरीप आली की भिंती अभ्रकासारख्या चमकतात. एरवी सारे शहर श्राद्धाला बसल्यासारखे गंभीर दिसते. जूनअखेरीला रात्री दहा वाजता लख्ख उजेड. "भाऊजी, आता झोपा," असे भावजय म्हणाली तेव्हा मला वाटले, दुपारची वामकुक्षी सुचवते आहे.

पहिले दोन दिवस मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काढले. मला पाहायचा होता 1978 सालचा एक लेख. लेखक जे. के. सेंट जोसेफ, केंब्रिजचे. हा गृहस्थ मूळचा भूगर्भशास्त्राचा. दुसरे महायुद्ध संपता संपता विमानातून जमिनीचे फोटो घ्यायला त्याने सुरुवात केली आणि 1980 मध्ये निवृत्त होईपर्यंत तेच केले. केंब्रिज विद्यापीठाचा विमानातून काढलेल्या फोटोंचा प्रचंड संग्रह उभा राहिला तो मुख्यतः त्याच्यामुळे. त्याच्याही आधी क्रॉफर्ड नावाच्या माणसाने ही वाट पाडली होती. पहिल्या महायुद्धात तो विमानातून टेहळणी करत असे. शत्रूचे खंदक वरून शोधायची सवय लागलेल्या डोळ्यांना पुढे दोन हजार वर्षांपूर्वीचे खंदक दिसू लागले.

पण बुजलेला, नांगर फिरून सपाट झालेला खंदक वरून तरी कसा दिसतो? यातले गुपित अगदी शेतकऱ्याच्या पोरालाही पटेल असे आहे. खंदक पुढे मातीने भरतो. ती माती भोवतालच्या घट्ट जमिनीपेक्षा भुसभुशीत आणि खोल. तिच्यात ओल टिकते. पाऊस ताणला की आजूबाजूचे पीक पिवळे पडू लागते, पण बुजल्या खंदकावरचे पीक आणखी काही दिवस हिरवेगार आणि हातभर उंच राहते. जमिनीखाली भिंत असेल तर उलट, तिच्यावरचे पीक खुरटते. जमिनीवर उभे राहून यातले फारसे उमगत नाही. मुंगी रांगोळीवरून चालत गेली तर तिला पांढरी भुकटी दिसते, कमळ दिसत नाही. त्यासाठी उंबरठ्यावर उभे राहावे लागते. विमान हा तो उंबरठा. रांगोळीही रोज नसते. उन्हाळा कोरडा हवा, पीक जव किंवा गहू हवे आणि कापणीच्या आधीचे नेमके थोडे दिवस साधले पाहिजेत. एखादी रेघ वीस वर्षांत एकदाच उमटते.

1975 च्या उन्हाळ्यात सेंट जोसेफला अशी रेघ दिसली. ॲबर्डीनच्या वायव्येला डर्नो नावाचे खेडे आहे, तिथल्या शेतांत. रेघ सरळ जाते, मग पत्त्याच्या कोपऱ्यासारखी गोल वळते आणि पुन्हा सरळ जाते. गोल कोपऱ्याची ही आकृती रोमन लष्कराची जणू सहीच. फौज कूच करताना रोज संध्याकाळी मुक्कामाभोवती खंदक खणी, निघालेल्या मातीचा बांध घाली, बांधावर खुंट्या रोवी आणि आत चामड्याच्या राहुट्या ओळीने ठोकी. हे एका रात्रीसाठी! सकाळी उठून पुढे. आपल्याकडे कायमच्या वस्तीलाही इतकी शिस्त सापडत नाही.

सेंट जोसेफ फोटोवर विसंबून राहिला नाही. पिकातल्या रेघा जुन्या बांधाने पडतात, गाडलेल्या गटाराने पडतात, हिमयुगात जमिनीला गेलेल्या भेगांनीसुद्धा पडतात. भूगर्भशास्त्राच्या माणसाला हे सांगायला नको. म्हणून रेघेवर आडवे चर खणले गेले. भोवतालच्या पिवळट मातीत वेगळ्या रंगाची भर भरलेला खंदक खरोखरच निघाला. तुकडे जोडत जोडत छावणीचा सारा घेर नकाशावर आला. क्षेत्रफळ 144 एकर. मुंबईकर वाचकांना सांगायचे तर पाच शिवाजी पार्क, वर थोडी जागा उरेल. आसपासच्या रोमन छावण्या 110 एकरांच्या किंवा त्याहून लहान. ही एकटीच एवढी मोठी.

त्या लेखातले फोटो काळेपांढरे आहेत. फिक्या शेतावर काळसर रेघ. मी तो फोटो पाहत बसलो आणि मला आमचे वडील आठवले.

वडील प्राथमिक शिक्षक. गावाबाहेर आमची चार एकर कोरडवाहू जमीन होती. तिच्या वरच्या अंगाच्या माळाला लोक छावणीचा माळ म्हणत. कुणाची छावणी, कधीची, कुणाला ठाऊक नव्हते. मी एम.ए. होऊन गावी गेलो ते साल अवर्षणाचे होते. शाळू कमरेएवढाही वाढला नव्हता. वडिलांनी मला माळावर नेले आणि खाली शेताकडे बोट केले. "बघ, तो पट्टा बघ. तिथंच तेवढा हिरवा आहे. सरळ जातो आणि बांधापाशी वळतो. खाली काहीतरी आहे." त्यांनी शाळेच्या वहीत आकृतीही काढली होती, पावलांची मोजमापे टाकून.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो आणि मला सगळे येत होते. मी म्हटले, "अण्णा, बखरीत नाव नाही, दप्तरात कागद नाही. लोक कशालाही छावणी म्हणतात." त्यांनी वही मिटली. पुन्हा तो विषय माझ्यापाशी काढला नाही. पुढे जमीन विकली गेली. आज तिथे मंगल कार्यालय आहे. वडील जाऊनही आता बारा वर्षे होतील.

ग्रंथालयातून बाहेर पडलो तेव्हा पाऊस लागला होता.

रविवारी भावाने मोटार काढली. वाटेत किंटोर लागते. तिथेही रोमनांची मोठी छावणी होती, डर्नोपासून फौजेच्या एका मजलीवर. तिथे आता नवी टुमदार घरे आहेत, पण घरे बांधण्याआधी, 2000 नंतरच्या काही वर्षांत, पुराणवस्तुवाल्यांनी छावणीचा बराच भाग रीतसर खणून पाहिला. एवढी विस्तृत खणाई अशा तात्पुरत्या छावणीच्या वाट्याला क्वचितच येते. सापडले काय? तलवारी नव्हेत, चिलखते नव्हेत. सापडल्या चुली! भाकरी भाजायच्या, जमिनीत खड्डा करून केलेल्या भट्ट्या, शंभराहून जास्त. आत कोळसा आणि भाजून लाल झालेली माती. त्या कोळशांवरून काढलेल्या पुष्कळशा तारखा पहिल्या शतकाकडे, म्हणजे अग्रिकोलाच्याच काळाकडे बोट दाखवतात. रोमन शिपायाला शिधा धान्याचा मिळे. दळायचे त्यानेच, भाजायचे त्यानेच. भावजयीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे पुरुषांना येतं तर सगळं." यावर भाऊ रस्त्याकडे फार लक्ष देऊन गाडी चालवू लागला.

डर्नोला पोचलो. चार-दोन घरे, अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी कुंपणे आणि पलीकडे चढत गेलेली शेते. जव, म्हणजे आपला सातू, ऐन हिरवा होता. वारा आला की सगळ्या शेतावरून साय सरकल्यासारखी लाट जाई. मी नकाशा उघडला, दिशा लावली, चष्मा पुसला. खंदकाची रेघ बरोबर आमच्या समोरून जायला हवी होती.

काही नव्हते. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा हिरवा जव.

"दादा," भाऊ थोड्या वेळाने म्हणाला, "इथं काहीच नाही."

"आहे. दिसत नाही."

"तेच म्हणतोय मी."

पुतणीने विचारले, "काका, पाटी तरी?" पाटीही आम्हाला दिसली नाही. एक म्हातारे गृहस्थ कुत्रे घेऊन चालले होते. त्यांना विचारले. ते कुंपणाला टेकून उभे राहिले आणि हसले. या मातीतल्या जवाची दारू फार चांगली होते, हे त्यांनी आधी सांगितले. मग हाताने आकाशाकडे खूण केली. पाहायचे तर तिथून. आम्ही उभे होतो ती जागा फौजेच्या आत आहे की बाहेर, हेसुद्धा मला नक्की सांगता आले नसते. तरीही खोटे कशाला बोलू, अंगावर काटा आला. एका दुपारी इथे हजारो माणसांनी खंदक खणला असेल. त्यांची नावे, त्यांचा सेनापती, सगळे पुसले गेले. खणलेली ओली माती तेवढी पिकाच्या मुळांना अजून ओळखू येते.

तिथून बेनाही डोंगराकडे वळलो. याचे स्पेलिंग वाचून मी आठवडाभर बेनाची म्हणत होतो. वाटेतल्या चॅपल ऑफ गॅरिऑक या गावाच्या नावातल्या गॅरिऑकचा उच्चार तर चक्क गीरी आहे, त्यामुळे मी बोलणेच सोडून दिले. त्याच गावाजवळ रस्त्याकडेला मेडन स्टोन नावाची तांबूस ग्रॅनाइटची उंच शिळा उभी आहे. रोमन गेल्यावर कित्येक शतकांनी पिक्ट लोकांनी कोरलेली. खालच्या अंगाला आरसा आणि फणी अगदी स्पष्ट दिसतात. तिची लोककथा अशी : डर्नोजवळची एक मुलगी लग्नाच्या दिवशी भाकऱ्या भाजत होती. एका परक्या माणसाने पैज लावली, तुझ्या भाकऱ्या भाजून होण्याआधी मी बेनाहीच्या माथ्यापर्यंत रस्ता बांधीन. तो होता सैतान. रस्ता झाला, मुलगी पळाली, त्याने तिचा खांदा धरला आणि ती शिळा झाली. शिळेचा एक टवका खरेच उडालेला आहे. रातोरात रस्ता बांधणारे परके आणि भाकऱ्या! किंटोरच्या चुली पाहून आलेल्या माणसाला यात रोमन दिसू लागले तर नवल नाही. मलाही दिसले. मग मीच वर्गात मुलांना काय सांगतो ते आठवले आणि गप्प बसलो.

बेनाहीच्या मिदर टॅप या शिखराची उंची 518 मीटर. आपल्या सिंहगडाच्या मानाने लहान, पण वर वारा असा की टोपी हातात धरावी लागते. माथ्यावर जुन्या दगडी कोटाचे ढासळलेले अवशेष आहेत. त्यांतून वर चढून उत्तरेकडे पाहिले आणि मघाचे शेत एकदम पायाशी आले. आता ते जोडाजोडीच्या गोधडीतला एक तुकडा होते. मध्ये सपाट खोरे, पलीकडच्या उतारावर डर्नो. सेंट जोसेफचे म्हणणे या ठिकाणी डोळ्यांना कळते. टॅसिटसच्या वर्णनात टोळ्या डोंगराच्या उतारावर आहेत, मध्ये सपाटी आहे आणि रोमनांच्या मुख्य पलटणी आपल्या छावणीच्या तटापुढे राखीव उभ्या आहेत. इथे उतार आहे, सपाटी आहे आणि समोर या भागातली सर्वांत मोठी छावणी आहे. एवढी फौज एका जागी उगीच कशाला गोळा होईल?

पण त्याने ते शक्यता म्हणूनच मांडले. विरुद्ध बाजूलाही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. डर्नोच्या खंदकातून साल ठाम सांगणारा पुरावा मिळालेला नाही. अग्रिकोलानंतर सव्वाशे वर्षांनी सम्राट सेव्हेरसही मोठी फौज घेऊन स्कॉटलंडात उतरला होता. दहा हजार माणसे पडली म्हणतात, तर त्यांची हाडे कुठे? इथली माती आंबट, हाडे विरघळवून टाकते, हे खरे. पण हाडे नाहीत हा काही लढाईचा पुरावा होत नाही. कुणी म्हणतात लढाई पुष्कळ दक्षिणेला झाली. कुणाला तर शंका येते की जावयाने एका चकमकीचीच लढाई केली असावी. टॅसिटसपाशी लढाई आहे, जागा नाही. सेंट जोसेफपाशी जागा आहे, लढाई नाही. दोन्ही एकमेकांना जोडावीत असा मोह त्या शिखरावर उभ्या असलेल्या कुणालाही होईल. मला तर फारच झाला. आपण एवढ्या लांबून आलो आहोत तर लढाई इथेच झालेली असावी, असे मला मनापासून वाटू लागले. आणि याच भावनेने आजवर किती बखरी लिहिल्या गेल्या असतील, असेही वाटले.

टॅसिटसच्या लढाईतला एक भाग मात्र मी पूर्ण खरा मानतो. दुसऱ्या दिवशी सकाळी, तो लिहितो, सगळीकडे शांतता होती. डोंगर ओस पडले होते, लांब घरे जळताना धूर दिसत होता आणि शोधायला गेलेल्या स्वारांना कुणीही भेटले नाही. जिंकलेल्याला अशी सकाळ मुद्दाम रचावीशी वाटणार नाही. सासऱ्यानेच कधीतरी रात्रीच्या जेवणानंतर ती जावयाला सांगितली असावी. याला माझ्यापाशी पुरावा नाही.

संध्याकाळी घरी आलो. चहा झाला. मी भावाला अण्णांच्या शेतातला तो हिरवा पट्टा, माळ आणि मी त्यांना काय बोललो होतो ते सांगितले. वीस-बावीस वर्षांत प्रथमच. तो काही न बोलता उठला, आतल्या खोलीत गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक वही घेऊन आला. शंभर पानी, शाळेची. अण्णांचे सुंदर वळणदार अक्षर. मधल्या पानावर आकृती : एक सरळ रेघ, 212 पावले, मग वळण, मग 90 पावले आणि पुढे प्रश्नचिन्ह. वही त्याच्याकडे आहे हे मला माहीतच नव्हते.

"तू नोकरी शोधायला पुण्याला गेलास," तो म्हणाला, "त्यानंतरही आम्ही दोनदा मोजलं. दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात असायचं."

मी वही दिव्याखाली धरली. वळण गोल होते की काटकोनात, आकृतीवरून सांगता येईना. जुना पाट असेल, बुजलेला ओढा असेल. छावणीही असेल. आता खणून पाहायला जागा नाही. वर फरशी बसली आहे.

"पट्ट्यातला शाळू खरंच उंच होता?" मी विचारले. "तुला काय आठवतं?"

तो बराच वेळ आठवत राहिला.

"होता. आधी माझ्या छातीला लागायचा, नंतर खांद्याला," तो म्हणाला. "पण दादा, मी बारा वर्षांचा होतो. बसून मोजायचो की उभ्यानं, तेही आठवत नाही."

मी वहीच्या समासात पेन्सिलीने त्याने सांगितले तसे लिहून घेतले, आणि खाली तारीख घातली.